फंक्शनल भाषांतील कोडची आपोआप मांडणी : रचना, रुंदी आणि देवनागरी

१. विषय आणि त्याची मर्यादा

कोड वाचायचा, त्याचा अर्थ यत्किंचितही बदलायचा नाही, आणि ओळ कुठे तोडायची, पुढची ओळ किती आत घ्यायची, कंस आणि स्वल्पविराम कुठे ठेवायचे हे ठरावीक नियमांनी ठरवून तो पुन्हा लिहून काढायचा, हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला फॉर्मॅटर म्हणतात. हास्केल, एल्म, इलिक्सर, क्लोजर या फंक्शनल भाषांमध्ये हे काम कोणत्या तत्त्वावर चालते, याचे विवेचन इथे करायचे आहे. त्याबरोबर एक प्रश्न विचारायचा आहे, जो मराठी प्रोग्रॅमरलाच पडू शकतो: कोडमध्ये देवनागरी मजकूर आला की या तत्त्वांपैकी कोणते टिकते आणि कोणते ढासळते?

उदाहरणासाठी एकच नमुना शेवटपर्यंत वापरू. रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांची, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी ही लिस्ट:

["मंडणगड", "दापोली", "खेड", "चिपळूण", "गुहागर", "संगमेश्वर", "रत्नागिरी", "लांजा", "राजापूर"]

पाणीपुरवठ्याचा हिशेब असो, आंब्याच्या बागांची नोंद असो की विद्यार्थ्याचा प्रकल्प, जिल्ह्याच्या कोणत्याही माहितीवर काम करणाऱ्या कोडमध्ये अशी लिस्ट येतेच. ती एका ओळीत ठेवायची की नऊ ओळींत, एवढाच निर्णय फॉर्मॅटरला घ्यायचा आहे. पण तो घेताना त्याला एक गोष्ट माहीत असावी लागते: ही ओळ किती लांब आहे? या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हे पुढे आकड्यांनी दाखवले आहे. त्यावरून निघणारा सिद्धान्त असा की मांडणीचा निर्णय शक्य तितका कोडच्या रचनेवर उभा असावा, अक्षरे मोजण्यावर नसावा.

२. फॉर्मॅटरवरची चार बंधने

पहिले बंधन अर्थाचे. मूळ कोडचे पार्सिंग करून जो सिंटॅक्स ट्री मिळतो, तोच ट्री मांडणीनंतरच्या कोडमधूनही मिळाला पाहिजे. हास्केलसाठी ट्वीग या संस्थेने २०१९ मध्ये पुढे आणलेला ऑर्मोलू हा फॉर्मॅटर आपणच लिहिलेला कोड पुन्हा वाचतो आणि दोन्ही ट्री ताडून पाहतो. ते जुळले नाहीत तर तो काम थांबवतो.

दुसरे बंधन स्थैर्याचे. एकदा मांडलेला कोड पुन्हा फॉर्मॅटरमधून काढला, तर त्यात काहीही बदलता कामा नये. हे पाळले नाही तर दोन सहकाऱ्यांचे संगणक एकच फाइल आलटून पालटून बदलत राहतील.

तिसरे बंधन कॉमेंटचे. सिंटॅक्स ट्रीमध्ये कॉमेंटला जागा नसते, कारण कंपायलरला तिची गरज नसते. माणसाला मात्र ती हवीच असते. म्हणून प्रत्येक कॉमेंट कोणत्या घटकाला लागून होती हे वेगळे नोंदवून ती त्याच घटकाजवळ परत बसवावी लागते. फॉर्मॅटर लिहिणाऱ्यांचे बरेचसे श्रम इथेच खर्ची पडतात.

चौथे बंधन बदलांच्या नोंदीचे. कोडमध्ये एक तालुका वाढवला, तर गिटमध्ये शक्यतो एकच ओळ बदललेली दिसावी. एका बदलापायी आठ ओळी हलल्या तर तपासणाऱ्याला खरा बदल शोधत बसावे लागते.

या चारही बंधनांत सौंदर्याचा उल्लेख नाही, आणि ते योग्यच आहे. मांडणी सुंदर दिसावी ही अपेक्षा रास्त आहे, पण ती या चौघांच्या नंतरची.

३. ओळ तोडण्याचा निर्णय

या शास्त्राचा जन्म फंक्शनल परंपरेतच झाला. लिस्प भाषेत कोड म्हणजे कंसांत कंस. तो जसाच्या तसा छापला तर वाचता येत नाही. म्हणून १९६७च्या सुमारास बिल गॉस्पर यांनी लिस्पची फंक्शने नीट मांडून छापणारा प्रोग्रॅम लिहिला. १९७३ मध्ये एमआयटीत आयरा गोल्डस्टीन यांनी या विषयाची पद्धतशीर चर्चा केली. १९८० मध्ये डेरेक ओपेन यांनी दाखवले की मजकुराच्या लांबीच्या प्रमाणात वाढणाऱ्या वेळेत, आणि ओळीच्या रुंदीएवढ्या स्मृतीत, हे काम होऊ शकते. १९९५ मध्ये जॉन ह्यूज यांनी आणि पुढे फिलिप वाडलर यांनी त्याला बीजगणिताचे रूप दिले. वाडलर यांचा निबंध १९९८ पासून अभ्यासकांच्या हाती होता. तो २००३ मध्ये रिचर्ड बर्ड यांच्या गौरवग्रंथात छापला गेला. जावास्क्रिप्टसाठी २०१७ मध्ये आलेला प्रेटियर याच निबंधाच्या पायावर उभा आहे.

वाडलर यांची रीत थोडक्यात अशी. दस्तऐवज मोजक्या क्रियांनी बांधायचा. ‘टेक्स्ट’ म्हणजे न तुटणारा मजकूर. ‘लाइन’ म्हणजे ओळ तुटू शकेल अशी जागा. ‘नेस्ट’ म्हणजे ओळ तुटली तर पुढची किती आत घ्यायची त्याचे माप. ‘ग्रुप’ म्हणजे एकत्र निर्णय घ्यायचा घटक: त्यातल्या लाइन सपाट करून सगळे एका ओळीत बसत असेल तर तसे बसवायचे, नाही तर लाइन तोडायच्या. आपली लिस्ट हा एक ग्रुप आहे. तिच्यात नऊ टेक्स्ट आहेत आणि प्रत्येक स्वल्पविरामानंतर एक लाइन आहे.

प्रत्येक ग्रुपला दोन पर्याय असतात, म्हणून दहा स्वतंत्र ग्रुप असलेल्या कोडच्या १,०२४ मांडण्या संभवतात. त्या सगळ्या तयार करून त्यांतली एक निवडणे परवडणारे नाही. हास्केलमध्ये मूल्य लागेल तेव्हाच काढले जाते. त्याचा फायदा घेऊन वाडलर सगळे पर्याय कल्पनेत ठेवतात, पण प्रत्यक्षात फक्त चालू ओळ बसते का एवढेच पाहून पुढे जातात. ओळीच्या उरलेल्या रुंदीपलीकडे डोकवावेच लागत नाही.

आता या सुंदर रचनेचा सांधा पाहा. ‘बसते का’ हे ठरवण्यासाठी प्रत्येक टेक्स्टची लांबी लागते. वाडलर यांच्या कोडमध्ये ती हास्केलच्या साध्या लांबी-फंक्शनने काढली आहे. ते फंक्शन युनिकोडचे कोड पॉइंट मोजते. रोमन अक्षरांत लिहिलेल्या मजकुरासाठी यात गैर काहीच नाही. त्या लिपीत एक अक्षर म्हणजे एक कोड पॉइंट, एक बाइट आणि पडद्यावरचे एक घर. चार मापे एकच उत्तर देतात, त्यामुळे ती चार आहेत हेच लक्षात येत नाही.

४. भाषांचे दोन वर्ग

मोजणी चुकली तर नुकसान किती, हे भाषेच्या स्वभावावर अवलंबून असते. या दृष्टीने फंक्शनल भाषांचे दोन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात इंडेंटेशनला अर्थ नसतो, कारण घटकाची सुरुवात आणि शेवट चिन्हांनी बांधलेले असतात. रिच हिकी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली क्लोजर ही यातली ठळक भाषा. पुण्यात वाढलेल्या हेल्पशिफ्ट कंपनीने आपल्या सर्व्हरसाठी क्लोजरचा वापर केला. तिथे कंस बरोबर असले की ओळी कशाही सरकल्या तरी प्रोग्रॅम तोच राहतो. इलिक्सरही याच वर्गातली. तिचा अधिकृत फॉर्मॅटर जानेवारी २०१८ मध्ये १.६ या आवृत्तीबरोबर भाषेतच आला.

दुसऱ्या वर्गात इंडेंटेशन हेच व्याकरण असते. पीटर लँडिन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या ‘ऑफसाइड’ नियमातून ही कल्पना आली. हास्केल आणि एल्म या वर्गातल्या. हास्केलमध्ये एखादा ब्लॉक सुरू झाला की त्यातल्या पहिल्या शब्दाचा स्तंभ लक्षात ठेवला जातो. पुढची ओळ नेमकी त्याच स्तंभावर सुरू झाली तर ते नवे विधान, उजवीकडे सुरू झाली तर आधीच्याच विधानाचा पुढचा भाग, आणि डावीकडे सुरू झाली तर ब्लॉक संपला. इथे रिकामी जागा अर्थ वाहते.

५. नऊ तालुके, पाच लांब्या

आता आपली लिस्ट मोजू. अवतरणचिन्हे १८, स्वल्पविराम आणि त्यांनंतरच्या मोकळ्या जागा मिळून १६, चौकोनी कंस २. हा ३६ चा सांगाडा कोणत्याही मापाने ३६ च राहतो. फरक पडतो तो नावांत.

बाइट: देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो. नावे १७१, एकूण २०७.

कोड पॉइंट: स्वर, व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त, प्रत्येकी एक. नावे ५७, एकूण ९३.

टर्मिनलची घरे: युनिकोड मात्रांचे दोन प्रकार मानते. ‘ु’, ‘ू’, ‘े’, अनुस्वार आणि हलन्त ही जागा न घेणारी चिन्हे. ‘ा’, ‘ि’, ‘ी’, ‘ो’ ही जागा घेणारी. पहिल्यांना शून्य आणि दुसऱ्यांना एक घर देण्याची जुनी रीत लावली तर नावे ४७, एकूण ८३.

अक्षरे, जुना नियम: वाचणाऱ्याला एक वाटणारे चिन्हसमूह मोजायचे, पण जोडाक्षर हलन्तापाशी तोडायचे. नावे ३५, एकूण ७१.

अक्षरे, नवा नियम: सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे अखंड मानली. ‘श्व’ आणि ‘त्ना’ आता एकेकच. नावे ३३, एकूण ६९.

८० घरांची पारंपरिक मर्यादा लावली तर पहिल्या तीन मापांनी लिस्ट तुटते आणि शेवटच्या दोन मापांनी ती एका ओळीत राहते. इलिक्सरच्या ९८ च्या मर्यादेत बाइटखेरीज सगळ्या मापांनी ती बसते. आणि ७० ची मर्यादा असेल तर युनिकोडची आवृत्ती बदलल्यानेच निर्णय उलटतो. कोडमध्ये कोणीही काही बदललेले नसताना फाइल बदलते, म्हणजे स्थैर्याचे बंधन काळाच्या कसोटीवर मोडते.

एकच नाव घेतले तरी हेच दिसते. ‘रत्नागिरी’ म्हणजे २७ बाइट, ९ कोड पॉइंट, ८ घरे, जुन्या नियमाने ५ अक्षरे, नव्याने ४. तेच नाव रोमन लिपीत लिहिले तर प्रत्येक मापाने नऊच.

इलिक्सरच्या रचनाकारांनी हा भेद ओळखला आहे. त्यांच्या मांडणीच्या बीजगणितात साधा मजकूर दिला तर तो बाइटने मोजला जातो, आणि ‘स्ट्रिंग’ म्हणून दिला तर अक्षरांनी. निवड प्रोग्रॅमरच्या हाती आहे. अशी स्पष्ट निवड देणे हाच प्रामाणिक मार्ग आहे, पण पडद्यावर फॉन्ट प्रत्यक्षात किती जागा घेतो हे त्यातले कोणतेच माप सांगत नाही. ‘श्व’ आणि ‘र’ ही दोन्ही एकेक अक्षरे आहेत. त्यांची रुंदी सारखी नाही.

६. मोजणीचे तीन उपयोग आणि हानीच्या तीन पायऱ्या

मोजणी अविश्वसनीय आहे म्हणून ती पूर्णपणे टाकून द्यावी, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. फॉर्मॅटर ती तीन वेगळ्या कामांसाठी वापरतो आणि प्रत्येक कामात चुकीची किंमत वेगळी आहे.

पहिला उपयोग ओळ बसते का ते पाहण्याचा. इथे माप चुकले तर लिस्ट उगाच तुटते किंवा थोडी लांब राहते. अर्थ शाबूत राहतो, वाचनही फारसे अडत नाही. ही हानी सोसण्याजोगी आहे.

दुसरा उपयोग उभ्या रांगा जुळवण्याचा. प्रत्येक तालुक्यापुढे बाण आणि त्यापुढे काही मूल्य, आणि सगळे बाण एकाखाली एक, अशी मांडणी अनेकांना आवडते. ‘रत्नागिरी’ आणि ‘संगमेश्वर’ ही दोन्ही नावे ९ कोड पॉइंटांची. कोड पॉइंट मोजणारा फॉर्मॅटर त्यांच्यापुढे सारखीच जागा सोडतो. टर्मिनलच्या हिशेबाने पहिले नाव ८ घरांचे आणि दुसरे ६ घरांचे, म्हणून पडद्यावर बाण दोन घरांनी हुकतात. जुळवण्याचा एकमेव हेतू डोळ्यांना सरळ रांग दिसणे हाच होता, आणि तोच साधला नाही. शिवाय सर्वांत लांब नाव बदलले की सगळ्या ओळी सरकतात, म्हणजे चौथे बंधनही मोडते. क्लोजरमध्ये फंक्शनची पुढची आर्ग्युमेंट पहिल्या आर्ग्युमेंटखाली आणण्याची प्रथा आहे. तिच्याऐवजी नेहमी दोनच घरे आत जावे, असा नियम निकिता प्रोकोपोव्ह यांनी २०१८ मध्ये सुचवला. त्यांची कारणे वेगळी होती, पण देवनागरी लिहिणाऱ्याला त्या नियमाचा लाभ आपोआप मिळतो.

तिसरा उपयोग सर्वांत धोक्याचा: स्तंभावर अर्थ ठरवण्याचा. समजा हास्केलच्या एका ओळीत "रत्नागिरी" ही स्ट्रिंग आहे, तिच्यापुढे ‘डू’ हा शब्द आहे आणि त्याच ओळीत ब्लॉकचे पहिले विधान सुरू होते. अवतरणचिन्हे धरून कंपायलर त्या स्ट्रिंगचे ११ स्तंभ मोजतो. डोळ्याला, नव्या नियमाच्या अक्षरांप्रमाणे, ६ दिसतात. दुसरे विधान कोणी डोळ्याने पहिल्याखाली आणले तर ते कंपायलरच्या दृष्टीने पाच स्तंभ डावीकडे पडते आणि ब्लॉक तिथेच संपतो. फॉर्मॅटरने कंपायलरच्या मापाने बरोबर मांडणी केली, तरी ती पडद्यावर वाकडी दिसेल आणि पुढचा माणूस ती ‘सरळ’ करायला जाईल.

हास्केलच्या २०१० च्या अहवालात याची दखल आहे. युनिकोडचे प्रत्येक चिन्ह एकाच ठरावीक रुंदीचे मानावे असा नियम त्यात आहे. आणि ज्या कोडचा अर्थ मोकळ्या जागेखेरीज इतर चिन्हांच्या रुंदीवर ठरतो तसा कोड लिहूच नये, असा सल्लाही आहे. हा सल्ला माणसाला दिलेला आहे. तो पाळण्याची जबाबदारी फॉर्मॅटरने उचलली पाहिजे. उपाय सोपा आहे: अनेक ओळींचा ब्लॉक उघडला की पहिले विधान पुढच्या ओळीवर, ठरावीक घरे आत. मग प्रत्येक विधानाच्या डावीकडे फक्त मोकळी जागा उरते, आणि मोकळी जागा प्रत्येक मापाने सारखीच भरते.

७. स्ट्रिंग आणि कॉमेंट यांच्या आत

फॉर्मॅटरची हद्द कुठे संपते हेही ठरले पाहिजे. स्ट्रिंगच्या आतल्या एकाही कोड पॉइंटला त्याने हात लावता कामा नये.

‘दऱ्या’ हा शब्द दोन रीतींनी साठवला जातो. एका रीतीत ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ येतात. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह, आणि ‘य’. कोणी ‘साफसफाई’ म्हणून न दिसणारी चिन्हे काढून टाकली, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीच्या घळींची नोंद समुद्राची होऊन बसते. सिंटॅक्स ट्री ताडणारी तपासणी स्ट्रिंगची मूल्येही ताडत असेल तर हे पकडले जाईल. कॉमेंट मात्र ट्रीच्या बाहेर असते, तिच्यातली मोडतोड कोणालाच कळणार नाही. म्हणून मराठी कॉमेंट जागेवर ठेवावी, तिची ओळ तोडून पुन्हा भरू नये, आणि तिच्या आतले काहीही बदलू नये.

८. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: कोडमध्ये मराठी असावेच कशाला? मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा. मोठ्या व्यावसायिक प्रोग्रॅमांत हे बरोबर आहे. पण चाचणीच्या कोडमध्ये अपेक्षित उत्तर लिहावे लागते, ते मराठीच असते. गावांची आणि तालुक्यांची नावे हा भाषांतर करायचा मजकूर नाही, ती माहिती आहे. आणि रत्नागिरीत किंवा चिपळुणात प्रोग्रॅमिंग शिकणारा विद्यार्थी स्वतःला समजेल अशी कॉमेंट मराठीत लिहीत असेल, तर त्याच्या साधनाने त्याला परके ठरवू नये.

दुसरा आक्षेप: समान रुंदीचा देवनागरी फॉन्ट आला की प्रश्न मिटेल. तो मिटणार नाही. फॉन्ट वाचणाऱ्याच्या संगणकावर असतो, तर फॉर्मॅटरचे उत्तर सगळ्या संगणकांवर एकच असावे लागते. फॉन्टवर अवलंबून असलेली मांडणी दुसऱ्या टेबलावर जाताच बदलते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: मोजायचेच नाही तर ओळी वाटेल तितक्या लांबतील. यावर चालू असलेला पर्याय उपलब्ध आहे. ऑर्मोलू ओळीची मर्यादा मानतच नाही. लेखकाने एखादा घटक एका ओळीत लिहिला असेल तर तो एका ओळीत ठेवतो, एकाहून अधिक ओळींत लिहिला असेल तर पूर्ण उलगडून मांडतो. एल्मचा फॉर्मॅटरही लिस्टच्या बाबतीत लेखकाच्या अशाच खुणेवर चालतो आणि उलगडलेली लिस्ट अशी मांडतो:

[ "मंडणगड"
, "दापोली"
, "खेड"
]

यात एकही अक्षर मोजलेले नाही. डावीकडची चिन्हे सरळ रेषेत आहेत, कारण त्यांच्या आधी देवनागरी काहीच नाही. शेवटी नवे नाव जोडले तर एकच ओळ वाढते. या पद्धतीची उणीव अशी की एकाच आशयाच्या दोन मांडण्या शक्य राहतात आणि थोडी शिस्त लेखकाला पाळावी लागते. पण कोणती लिस्ट एका नजरेत वाचावी आणि कोणती सावकाश, हे लेखकाला मोजपट्टीपेक्षा अधिक कळते. म्हणून ही उणीव मी स्वीकारतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पाच नियम निघतात. एक, उभ्या रांगा जुळवू नयेत. आत घेण्याचे माप नेहमी ठरावीक असावे. दोन, अर्थ वाहणाऱ्या स्तंभाच्या डावीकडे मोकळ्या जागेखेरीज काही नसावे. तीन, ओळीची मर्यादा ठेवायचीच असेल तर ती फक्त तोडण्याच्या निर्णयासाठी वापरावी, आणि कोणत्या मापाने व युनिकोडच्या कोणत्या आवृत्तीने मोजले ते फॉर्मॅटरने जाहीर करावे. चार, स्ट्रिंग आणि कॉमेंट यांचा आतला मजकूर अस्पर्श ठेवावा. पाच, फॉर्मॅटरच्या स्वतःच्या चाचण्यांत देवनागरी मजकूर असावा, आणि त्यात जोडाक्षर, अनुस्वार व न दिसणारे जोडचिन्ह तिन्ही असावेत.

यांतला एकही नियम रोमन लिपीत लिहिणाऱ्याचे नुकसान करत नाही. त्याच्याही बदलांच्या नोंदी लहान होतात, त्याच्याही ब्लॉकांचा अर्थ डोळ्याला दिसतो तसाच राहतो. पाचवा नियम मात्र कोणी दुसरे आपल्यासाठी पाळण्याची वाट पाहू नये. हे फॉर्मॅटर मुक्त आहेत, त्यांचा कोड खुला आहे, आणि नऊ तालुक्यांची लिस्ट चाचणी म्हणून जोडायला कोणत्याही मराठी विद्यार्थ्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. जो फॉर्मॅटर ती लिस्ट दोनदा मांडून एकच उत्तर देईल आणि तिच्यातले एकही चिन्ह हलवणार नाही, तो आपल्या लिपीसाठी तयार आहे असे म्हणण्याचा पहिला पुरावा तोच.